सिंगापूर: खेळाडू मुलाची राष्ट्रीय सेवा (तरुणांची सक्तीची, मुख्यतः लष्करी सेवा) पुढे ढकलण्याचा अर्ज

अर्जात ‘होतकरू’ शब्दाला काडीची किंमत नाही. ऑलिम्पिक पदकाची शक्यता आकड्यांत मांडा: मोठ्या स्पर्धांतल्या वेळा, तारखा, मागच्या ऑलिम्पिक फायनलमधल्या आठव्या खेळाडूपासूनचा फरक, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. जलतरणपटू जोसेफ स्कूलिंगला २०१३ मध्ये सेवा पुढे ढकलायची सवलत मिळाली; २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकली.

सेवेला परतण्याची तारीख स्पष्ट लिहा. अर्ज बहुधा इथेच घसरतो. फुटबॉलपटू बेन डेव्हिसला २०१८ मध्ये नकार मिळाला, त्यात परतीची खात्री नसणं हेही कारण होतं. (व्यावसायिक करार तर वैयक्तिक कारकीर्दच धरला जातो, सवलतीचं कारण नाही.)

तेराव्या वर्षापासून ३ महिने किंवा जास्त परदेशी राहायचं तर एक्झिट परमिट (देशाबाहेर राहण्याचा सरकारी परवाना) आधी घ्या. नाहीतर १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.