सिम्स फोरमध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना कसा चालवायचा (पहिल्याच दिवशी दिवाळं निघालेल्या घरातून)

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडं राजारामपुरीत राहायला आली आणि आल्या आल्या माझ्या लॅपटॉपवर सिम्स फोर या गेममध्ये (त्यात माणसं बनवून त्यांचा संसार चालवायचा असतो) तिनं जनावरांचा दवाखाना टाकला. दुपारी जेवून मी जरा पडलो होतो तर हाक आली, "मामा, मी हरलो की!" (हो, आमच्याकडं पोरीपण हरलोच म्हणतात.) जाऊन बघतोय तर दवाखाना उघडा, दारात तीन कुत्री, एक मांजर, एकानं मध्येच ओकून ठेवलेलं, मालक लोक हात वर करून बडबडायलेत आणि गल्ल्यात खडखडाट. मग मी शेजारी खुर्ची टाकून बसलो ते चार दिवस बसलोच. त्यातनं जे कळलं ते इथं लिहितोय, म्हणजे तुमच्या पोरांचं दिवाळं निघायला नको.

आधी लागतं काय ते सांगतो, कारण इथंच निम्मे फसतात. सिम्स फोर हा मूळ गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण फुकटातल्या गेममध्ये दवाखाना नाही. त्यासाठी 'कॅट्स अँड डॉग्स' नावाचा एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा भाग, विकत घ्यावा लागतो, तो १० नोव्हेंबर २०१७ ला आला होता, जुना आहे त्यामुळं सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्तात पडतो, घाई नसेल तर सेलची वाट बघा. प्ले स्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांसाठी तो २०१८ मध्ये आला. मराठी भाषा त्यात नाही पण इंग्रजी साधं आहे, आणि गेममधली माणसं तसंही त्यांच्या त्यांच्या बडबडभाषेत बोलतात, ती कुणालाच कळत नाही, म्हणजे तिथं सगळे सारखेच.

आता गेममधला तुमचा माणूस बनवा, तोच पुढं डॉक्टर होणार. बनवतानाच स्वभावात 'डॉग लव्हर' किंवा 'कॅट लव्हर' टाका आणि घर ब्रिंडलटन बे या गावात घ्या, ते पॅकसोबत येतं, समुद्रकाठचं, दीपगृह वगैरे असलेलं गाव आहे. आणि इथंच आमच्या भाचीबाईंनी माती खाल्ली. एकट्या माणसाला सुरुवातीला २०,००० सिमोलियन मिळतात (तिथला पैसा, रुपयात मोजायला जाऊ नका), तिनं त्यातले जवळजवळ सगळे घरात घातले, वरनं खिडक्यांना पडदे, अंगणात कारंजं. दवाखान्याला राहिलं काय? भावांनो, घर एका खोलीचं घ्या. पलंग, संडास-बाथरूम, एक शेगडी, बास. पडद्याचं पुढं बघू.

तरी पैसे कमी पडतातच, ते मान्य करून टाका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही तीन बटणं एकत्र दाबायची, वर कोपऱ्यात पट्टी येते, त्यात मदरलोड (motherlode) हा शब्द इंग्रजीत सलग लिहून एंटर मारायचं, ५०,००० जमा. याला चीट म्हणतात. काही लोक नाकं मुरडतात, पण माझं मत सरळ आहे, एकदा भांडवल म्हणून घ्या आणि परत त्या पट्टीला हात लावू नका. दर अडचणीला मदरलोड मारलं तर खेळायचं काय राहिलं, मग नुसती एटीएमची रांग.

दवाखाना विकत घ्यायचा तो फोनवरनं, म्हणजे गेममधल्या माणसाच्या फोनवरनं, त्यात धंद्याचा पर्याय असतो. गावात एक तयार दवाखाना आहे, पॉस्पिटल नावाचा, तो घेतला तर बांधकामाची कटकट वाचते. नाहीतर रिकामी जागा घेऊन स्वतः बांधायचं आणि जागेचा प्रकार 'व्हेट क्लिनिक' करायचा, मग काय काय सामान पाहिजे त्याची यादी गेम स्वतःच दाखवतो. आम्ही दुसरं केलं. मोठं बांधू नका. दार, दारासमोर नोंदणीचं टेबल, बाजूला बसायला खुर्च्या, आत तपासणीचं एक टेबल, त्याच्या मागं ऑपरेशनचं मशीन, कोपऱ्यात औषधं बनवायचं टेबल. एवढं बास. दोन गोष्टी मात्र विसरायच्या नाहीत. एक, संडास, कारण जनावराच्या मालकालापण जावं लागतं आणि तुम्हालापण. दुसरं, वाट मोकळी ठेवा. तपासणीच्या टेबलाभोवती चारी बाजूनी फिरायला जागा पाहिजे, नाहीतर डॉक्टर एका बाजूला, कुत्रं दुसऱ्या बाजूला आणि दोघं एकमेकांकडं बघत उभे, महाद्वार रोडला दिवाळीच्या गर्दीत होतं तसं. आम्ही एक कुंडी हलवली आणि दवाखाना चालायला लागला, खोटं नाही.

वेळेचा हिशोबपण डोक्यात ठेवा. साध्या वेगात आपला एक सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट, म्हणजे तिथला अख्खा दिवस आपल्या २४ मिनिटांत संपतो. एकाच कुत्र्यापाशी रेंगाळलात तर तेवढ्यात बाहेरचे तिघं वैतागतात. दवाखान्याचा मालक, म्हणजे तुमचा माणूस, स्वतः जागेवर असल्याशिवाय दवाखाना चालत नाही, त्यामुळं झोपून, खाऊन, अंघोळ करूनच शटर उघडा. अर्धपोटी डॉक्टर तासाभरात चिडचिड करायला लागतो.

आता खरी गोष्ट. पेशंट आला, नोंद झाली, त्याच्यावर क्लिक करून तपासणीच्या टेबलावर घ्यायचं. मग पर्याय येतात, डोळे बघा, कान बघा, तोंड बघा, केस बघा, छातीचे ठोके ऐका, ताप मोजा. दर तपासणीला एखादं लक्षण सापडतं किंवा सापडत नाही, आणि जसजशी लक्षणं जमतात तसा आजार कोणता ते नक्की होत जातं. पण त्याच खिडकीत जनावराच्या ताणाची पट्टी असते आणि प्रत्येक तपासणीला ती वर चढते. भाची काय करायची, धडाधड सगळी बटणं दाबायची. कान, डोळे, तोंड, ताप, ठोके. आजार सापडायचा, पण तोवर पट्टी लाल, कुत्रं थरथरतंय, मालकाचं तोंड वाकडं, आणि बिल दिलं तरी जाताना दवाखान्याचे स्टार कमी करून जायचा. तिला कळेचना, "बरं केलं की त्याला मी, मग का चिडतोय?"

मला कळलं ते शेरूमुळं. शेरू म्हणजे आमचा कुत्रा, गल्लीतलाच, आठ वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली येऊन बसला तो राहिलाच. पहिल्यांदा त्याला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा स्टीलच्या टेबलावर ठेवला, तर चारी पायांची नखं त्या गुळगुळीत पत्र्यावर घसरायला लागली, कर्र कर्र आवाज यायचा आणि जेवढा तो घसरायचा तेवढा जास्त घाबरायचा, शेवटी मुतला टेबलावरच. पुढं दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी काय केलं, तर टेबलावर गोणपाट टाकलं. मग शेरूला वर घेतलं, सुईला हातपण लावला नाही, नुसती मान खाजवत माझ्याशी बोलत राहिले, कुठं राहता, खायला काय घालता. शेरूनं शेपटी जरा खाली सोडली तेव्हा कुठं कान बघितला. गेममध्ये गोणपाट नाही, पण जनावराला शांत करायचा, गोंजारायचा पर्याय आहे, आणि तो फुकट आहे. आमचा नियम ठरला, एक तपासणी, मग पट्टी बघायची, अर्ध्याच्या वर गेली की गोंजारायचं, मग दुसरी तपासणी. वेळ जातो, मान्य. पण दोन दिवसांत स्टार वर जायला लागले. एकूण पाच असतात.

आजार कळला की उपचार. स्वस्तातला एक साधा उपाय असतो आणि त्या आजाराचा नेमका असा महाग उपाय असतो. आजार पक्का कळला असेल तर नेमकाच द्या, उगं स्वस्तातलं देऊन परत परत टेबलावर घेतलं की ताण वाढतो आणि नाव जातं. जास्त झालेलं असेल तर ऑपरेशनचं मशीन, त्यातनं बाहेर आलेल्या जनावराच्या गळ्यात ते कर्ण्यासारखं प्लास्टिक घातलेलं असतं, जखम चाटू नये म्हणून. भाची ते बघून पाच मिनिटं हसत होती. डॉक्टरकीची पातळी १० पर्यंत जाते आणि ती काम करूनच वाढते, पहिले दोन-तीन दिवस चुकणारच.

औषधं बनवायच्या टेबलावर रिकाम्या वेळात गोळ्या, खाऊ बनवून ठेवा, विकायचं मशीन ठेवलंत तर मालक लोक त्यातनं जाता जाता घेतात, वरकमाई. आणि विषय निघालाच आहे तर एक गेमबाहेरचं सांगून टाकतो. आमच्या शेजारच्या वहिनी भाचीला डॉक्टर डॉक्टर म्हणून चिडवत होत्या आणि तिच्याच नादात विचारल्या, मांजर गरम लागतंय, आपली तापाची अर्धी गोळी देऊ काय. अजिबात नाही! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. आणि मांजर, कुत्रं आपल्यापेक्षा गरमच असतं, कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हात लावून ताप ठरवायला जाऊ नका. वहिनींचं मांजर नुसतं उन्हात झोपून आलं होतं.

नोकर ठेवायचे का? आम्ही तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर ठेवला आणि चुकलोच. पेशंट असो नसो, पगाराचं मीटर चालू. रोज खुर्च्या भरून उभे राहायला लागले तरच माणूस घ्या, आणि घेतला तर तपासणीचं दुसरं टेबलपण घ्या, नाहीतर एका टेबलाला दोन डॉक्टर. फी किती टक्के वाढवून लावायची तेपण तुमच्या हातात असतं. सुरुवातीला कमी ठेवा, स्टार वाढले की हळूहळू चढवा. आपल्याकडं मिसळवाला पहिल्याच महिन्यात भाव वाढवत नाही, आधी गर्दी होऊ देतो, तसं. काम करत राहिलात की पॉइंट मिळतात, त्यातनं दवाखान्याला सवलती घेता येतात. रुग्णांचा ताण कमी करणारं काही दिसलं तर ते आधी घ्या, शोभेचं नंतर.

स्वतःचं कुत्रं पाळलं असेल तर त्यालापण इथंच आणता येतं. फक्त ते तुमच्या बटणावर चालत नाही, पाळीव जनावरं या गेममध्ये आपल्या मनानं वागतात, खेळाडूला ती चालवता येत नाहीत. पहिल्यांदा राग येतो. शेरू असलेल्या माणसाला येत नाही.

शेवटचं, सेव्ह करताना 'सेव्ह ॲज' दाबा आणि प्रत्येकाची फाइल वेगळ्या नावानं ठेवा. भाची गावी गेल्यावर मी रात्री जरा वेगळा दवाखाना टाकून बघितला आणि तिच्या साडेचार स्टारवर माझा दीड स्टार सेव्ह झाला. फोन केला तर बहीण म्हणाली, "ती म्हणतीय मामाला सांग मी घरात नाही."