हरिकेनचं मॉडेल: पुढे धातू, मागे कापड

हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल बांधायला घेण्याआधी हे विमान कशाचं होतं ते डोक्यात पक्कं करा. नाक, कॉकपिटपर्यंतचे पत्रे आणि मार्क टू-सी या उपप्रकाराचे पंख धातूचे. कॉकपिटच्या मागे नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर ताणून डोप (कापड ताठ करणारं वार्निश) चढवलेलं कापड. रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन हे शेपटीचे आणि पंखांचे हलणारे भागही कापडाचेच. पॉलिश पेपर कुठे फिरवायचा, रंग कुठे उडवायचा, रेषा कुठे गडद करायच्या, हे सगळं यावरूनच ठरतं. मागच्या धडावर चंदेरी ओरखडे काढलेलं हरिकेन कितीही सफाईने रंगवलं तरी चुकलेलंच असतं, कारण कापडाखालून अॅल्युमिनियम कधीच डोकावत नाही.

इथे धरलंय ते १/४८ प्रमाणातलं मार्क टू-सी, चार २० मिलिमीटर तोफांचं, ब्रह्मदेश आघाडीवरच्या रूपात. भारतीय वायुदलाची नंबर १ स्क्वाड्रन १९४४च्या फेब्रुवारीत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन घेऊन इंफाळला गेली होती. आपल्याकडे हे विमान बांधावंसं वाटतं त्यामागे बहुतेकदा हीच आठवण असते. पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण २५.४ सेंटिमीटर. शोकेसचं माप आधीच घेऊन ठेवा.

किटशिवाय लागेल ते असं: पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद), ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, बारीक पुट्टी, ६ मिलिमीटर मास्किंग टेप, टोकदार चिमटा, नवं ब्लेड, फेविकॉल, आणि मेडिकलमधून काळ्या बुडाची २२ गेजची इंजेक्शनची सुई.

स्प्रू (किटचे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर टेपबरोबर सोलून येतो.

कॉकपिट

हरिकेनला कॉकपिटची जमीनच नव्हती. वैमानिकाच्या टाचांसाठी दोन पट्ट्या, आणि त्यांच्या खाली थेट विमानाचं पोट. किटमध्ये खालचा भाग मोकळा असेल तर तो प्लास्टिकने बुजवू नका. आतून काळपट करडा रंग द्या, म्हणजे खोली जाणवते. सांगाड्याच्या नळ्या चंदेरी, सीट करड्या हिरव्या रंगाची (हंब्रॉल कंपनीचा ७८ नंबरचा रंग चालतो), पॅनेल काळं. वैमानिकाला सीटला बांधणारे पट्टे पिवळसर खाकी ठेवा. ते कागदाचे किंवा टेपचे करणार असाल तर बसवण्याआधी बोटात चुरगाळून घ्या. सीटवर सरळ ताठ बसलेला पट्टा खोटा दिसतो.

पॅनेलचं डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) वाळलं की प्रत्येक डायलवर टूथपिकने ग्लॉस वार्निशचा थेंब सोडा. काच तयार.

धड जोडणं

सर्वात जास्त वेळ इथे द्या. दोन्ही अर्धे जोडताना सिमेंट भरपूर लावून दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी सरी वर आली पाहिजे. चोवीस तास हात लावू नका. त्याआधी घासलं तर प्लास्टिक आत मऊच असतं आणि आठवड्याने सांधा खचून घळ दिसते.

मागच्या भागातला सांधा लाकडी पट्ट्यांच्या उंचवट्यांना लागून जातो. कागद आडवा फिरवला की शेजारच्या दोन-तीन पट्ट्या सपाट होतात आणि तिथे कापडाऐवजी पत्रा दिसायला लागतो. वॉटर पेपरची ३ मिलिमीटर रुंद घडी करा, कडा धरा आणि पट्ट्यांच्या दिशेनेच, नाकाकडून शेपटीकडे घासा. तरीही एखादी पट्टी गेलीच तर मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूचा ०.३ मिलिमीटर जाडीचा धागा तिच्या जागी पातळ सिमेंटने चिकटवा आणि वाळल्यावर १५०० नंबरने हलकेच माथा मारा. प्रायमरचे दोन हात बसले की जोड ओळखू येत नाही. उलट काही किटमध्ये पट्ट्यांमधलं कापड भुकेल्या बैलाच्या बरगड्यांसारखं खोल गेलेलं असतं. खरं कापड डोपमुळे ढोलाच्या चामड्यासारखं ताठ असायचं, तेव्हा सगळ्याच पट्ट्या ८०० नंबरने थोड्या खाली आणणं योग्य.

पंख लावताना एक चूक फार होते. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो आणि वरचा कल चाकांच्या बाहेरून सुरू होतो. मुळापासूनच कल दिला की समोरून पाहताना विमान स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानासारखं दिसतं. पंख आणि धड सिमेंट न लावता जुळवून पाहा. पोटाखाली पंखाची मागची कड धडाला मिळते तिथे पायरी येत असेल तर आतून ०.५ मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी लावून धड वर उचला. बाहेरून पुट्टीचे थर चढवत बसलात तर पट्ट्यांचे उंचवटे त्याखाली बुजतात.

तोफा

२० मिलिमीटरचं भोक १/४८ मध्ये ०.४२ मिलिमीटर होतं. २२ गेज सुईचं आतलं भोक जवळजवळ तेवढंच, ०.४१ मिलिमीटर. किटच्या तोफेचा बुडाकडचा जाड भाग ठेवा, पुढची नळी कापा, मध्ये ०.७ मिलिमीटरने भोक पाडा आणि सुई फेविक्विकने बसवा. सुई पकडीने तोडू नका, तोंड चेपतं. कानशीने गोल फिरवत खाच पाडा, मग वाकवून मोडा, टोक कानशीने सपाट करा. तुमचं विमान टेहळणीचं असेल तर फोटो नक्की पाहा, वजन कमी करायला त्यातल्या काहींवर दोनच तोफा ठेवलेल्या असत.

रंग

वर डार्क ग्रीन (हिरवा) आणि डार्क अर्थ (तपकिरी), खाली मीडियम सी ग्रे (करडा). हंब्रॉलमध्ये ३०, २९ आणि १६५. तामिया कंपनीच्या रंगांमध्ये हिरव्यासाठी एक्सएफ-८१ आणि करड्यासाठी एक्सएफ-८३. एअरब्रशसाठी तामियाचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकास एक पातळ करा, दाब १५ ते १८ पीएसआय.

जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत रंग मारत असाल तर कंप्रेसरला पाणी अडवणारा सापळा लावल्याशिवाय सुरुवात करू नका. नळीत साठलेल्या पाण्याचा एक थेंब अख्ख्या पंखावर ठिपके पाडतो. लॅकर वार्निश तर अशा हवेत दुधाळ पांढरं पडतं. कोरड्या दिवसाची वाट पाहा.

हिरव्या आणि तपकिरी रंगांची सीमा मऊ हवी, पण किती? खऱ्या विमानावरचा एक इंच इथे अर्धा मिलिमीटर होतो. ब्लू-टॅकच्या (चिकट, मऊ पुट्टीच्या) २ मिलिमीटर जाड वळ्या करून त्यांच्या कडेने नव्वद अंशात फवारा. तिरकं फवारलं तर वळीखाली धूर शिरतो आणि सीमा धुरकट होते. उन्हाने उडालेला रंग दाखवायचा तर दोन्ही रंगांत थोडा फिका खाकी मिसळून पत्र्यांच्या मधोमध पातळ हात द्या. मागच्या धडावर हाच हात पट्ट्यांच्या माथ्यावर द्या, मधल्या दरीत नको.

प्रोपेलरच्या पात्यांची पिवळी टोकं ४ इंच, म्हणजे २.१ मिलिमीटर. आधी पिवळा, मग टेप, मग काळा.

चिन्हं

ब्रह्मदेश आघाडीवर राउंडेलमधला (विमानावरच्या गोल चिन्हातला) लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरचा लाल गोळा आणि तो लांबून सारखाच दिसायचा आणि आपल्याच विमानावर गोळी चालायची. किटमध्ये युरोपची लाल मधोमध असलेली डीकॅल आली असतील तर निळी-फिकी निळी वेगळी घ्या.

मॅट रंगावर थेट डीकॅल लावलं की खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. आधी ग्लॉसचे दोन हात द्या. मग मायक्रो सेट (डीकॅल बसवायचं द्रव), डीकॅल, आणि जागेवर बसलं की मायक्रो सोल (डीकॅल मऊ करणारं द्रव). सुरकुत्या पडतील, हात लावू नका, वाळताना ताणल्या जातात. पट्ट्यांवर डीकॅल उंचवट्यांत बसलं नाही तर नव्या ब्लेडच्या टोकाने दरीत टोचून पुन्हा सोल सोडा.

वापराच्या खुणा

पंखाच्या मुळाशी, जिथून वैमानिक चढतो तिथे, आणि इंजिनाच्या पत्र्यांच्या स्क्रूंजवळ स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून चंदेरी रंग टिपा. मागच्या धडावर एकही ठिपका नको. तिथे फक्त पातळ केलेला तपकिरी तेलरंग दऱ्यांमधून ओढा. एक्झॉस्टचा डाग फिका तपकिरी-करडा करा आणि तो पंखाच्या मुळावरून मागे न्या. तोफांच्या खाली काळपट धूर, चाकांवर आणि पोटाखाली मातीची पावडर.

शेवटी कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच. तिच्या चौकटी बऱ्याच असतात. मास्किंग केल्यावर आधी कॉकपिटचा हिरवा मारा, मग बाहेरचा रंग, म्हणजे आतून पाहिल्यावर चौकट हिरवी दिसते. फेविकॉलनेच चिकटवा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि ती बाहेरून पुसता येत नाही.