शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला चिकटलेल्या स्पेस कशा शोधायच्या आणि काढायच्या

दोन व्हॅल्यू डोळ्यांना सेम दिसतायत आणि तरी इफ कंडिशन फेल होतेय? बहुतेक वेळा एखादी स्पेस, टॅब नाहीतर कॅरेज रिटर्न मागेपुढे चिकटलेलं असतं. लगेच काढायच्या मागे लागू नका, आधी नक्की काय आहे ते बघा.

बघायला सगळे इको वापरतात आणि तिथेच फसतात, कारण कोट्स न लावता व्हेरिएबल दिलं की शेल स्पेस, टॅब, न्यूलाइनवर त्याचे तुकडे करतं आणि इको ते तुकडे मधे एकेक स्पेस टाकून छापतं, म्हणजे जे शोधायचंय तेच गायब. त्यापेक्षा प्रिंटएफ घ्या, पर्सेंट एसच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस टाका आणि व्हेरिएबल डबल कोट्समध्ये द्या. [१२ ] असं आलं तर शेवटी स्पेस आहे. आणि ]१२ असं विचित्र काहीतरी आलं तर ते कॅरेज रिटर्न, कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला आणि बंद होणारा कंस पहिल्या कंसावर छापला गेला. फाइल विंडोजवरून आली की हे हमखास होतं, टीआरला मायनस डी देऊन बॅकस्लॅश आर उडवायचा.

तरीही काही कळेना तर लिनक्सवर ओडी मायनस सी चालवा, ते व्हॅल्यूतला प्रत्येक बाइट वेगळा दाखवतं. ३०२ २४० दिसलं तर ती नॉन-ब्रेकिंग स्पेस आहे, वेबवरून कॉपी-पेस्ट करताना येते आणि आयएफएसमध्ये (शेल ज्या कॅरेक्टर्सवर तुकडे करतं त्यांची यादी) नसल्यामुळे खाली दिलेली रीड कमांड तिला हात लावत नाही.

साध्या स्पेस काढायला बॅशमध्ये मला रीड मायनस आर सगळ्यात आवडतं, पुढे व्हेरिएबलचं नाव, मग तीन लेस-दॅन चिन्हं आणि कोट्समधलं व्हेरिएबल. आयएफएस डिफॉल्ट असेल तर दोन्ही टोकं साफ, मधल्या स्पेस जशाच्या तशा, फक्त व्हॅल्यू एकाच ओळीची हवी. बरेच जण एक्सआर्ग्ज सुचवतात, पण व्हॅल्यूत एकटा कोट आला की ते एरर देतं आणि मधल्या डबल स्पेसही खातं, नकोच ते.

मॅकवर ओळी मोजणारं डब्ल्यूसी मायनस एल आकड्याआधी स्पेस देतं. कमांड सबस्टिट्यूशन (डॉलर आणि एकेरी गोल कंसात कमांड देऊन तिचं आउटपुट घेणं) फक्त शेवटच्या न्यूलाइन काढतं, या स्पेस नाही, म्हणून तो आकडा डॉलर आणि दुहेरी गोल कंसात घाला, साफ होतो.

व्हॅल्यू देताना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको, नाहीतर शेल नावालाच कमांड समजतं.

आणि ट्रिम केलं म्हणून वापरताना कोट्स सोडू नका, मधल्या स्पेस तिथेच असतात! आरएमला "जुने फोटो" असा पाथ कोट्सशिवाय गेला तर ते "जुने" आणि "फोटो" अशा दोन वेगळ्या गोष्टी डिलीट करायला जातं. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेक चालवून बघा, कोट्स राहिलेल्या जागी ते एससी२०८६ ही वॉर्निंग दाखवतं.