आजेसासूबाईंचा पाट आणि ओकिनावाची रताळी

आमच्या आजेसासूबाई वयाच्या 101व्या वर्षी गेल्या. शेवटच्या वर्षापर्यंत विळीवर भाजी चिरायला त्या खाली बसत आणि भिंतीला हात न लावता उठत. मी तेव्हा चाळिशीत होते आणि गुडघ्यावर हात रेटल्याशिवाय मला उठता येत नव्हतं. पुढे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शंभरी ओलांडलेल्या माणसांबद्दल वाचायला लागले, तर पानोपानी मला आजीच दिसू लागल्या. ओगिमीसारख्या गावातल्या म्हाताऱ्या चटईवर बसून जेवतात, परसात भाजी लावतात, दिवसातून कितीतरी वेळा खाली बसतात नि उठतात. व्यायाम म्हणून वेगळा काढलेला वेळ नाहीच. गेली सहा वर्षं मी हे धरलंय. तुम्हालाही सांगते कसं करायचं.

सुरुवात उठण्याबसण्यापासून करा, जेवणापासून नाही. पहिले पंधरा दिवस चौरंगावर बसा, मग पाटावर, मग सतरंजीवर. उठताना एकदम सरळ वर यायची धडपड करू नका. आधी एका कुशीला वळा, दोन्ही तळवे टेकून रांगत्या बाळासारखं व्हा. जो पाय बळकट, त्याचं पाऊल पुढे रोवा, एक हात पलंगाच्या कडेवर ठेवा आणि मग उठा. श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला दिवसातून तीनदा पुरे. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, ही कामं खाली बसूनच करायची, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. मला पलंगाचा आधार सुटायला दोन महिने लागले. गुडघा बदललेला असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

चालायचं तर आहेच. महर्षी कर्वे 104 वर्षं जगले. हिंगण्याहून पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवायला ते पायी येत-जात. भाजी आणायला तरी गाडी काढू नका.

आता ताट. ओकिनावातली जुनी माणसं जेवायला बसताना म्हणतात, ‘हारा हाची बू’. म्हणजे पोट दहातले आठ भाग भरलं की थांबायचं. आपल्याकडे ‘दोन घास कमी’ म्हणतात तेच. आजींना कुणी आणखी वाढायला आलं की त्या ताटावर आडवा हात धरत आणि म्हणत, “थांब गं, पोटाला विचारते.” आणि खरंच थांबत. मी असं करते: जेवढं लागतं त्यापेक्षा अर्धी पोळी कमी घेते, भांडी झाकून टाकते आणि वाटीभर ताक घेऊन निवांत बसते. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर ती अर्धी पोळी नकोशी झालेली असते. आणि आग्रह करून वाढणं सोडा. आपण त्याला माया समजतो, पण साठीच्या माणसाच्या ताटात तिसरा लाडू टाकण्यात माया नाही.

ओकिनावात 1949 च्या सुमाराला दिवसाच्या उष्मांकांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या रताळ्यातून येत. भात थोडका. आपण रताळं एकादशीला आणि महाशिवरात्रीला आठवतो, तेही तूप-गुळात घोळवून. साली सकट उकडा, मीठ-जिरं लावून खा, आणि भाताच्या जागी खा, भातासोबत नव्हे. मधुमेह असेल तर छोटंसंच. कारलंही तिथे नेहमीचं: पातळ चकत्या, मीठ चोळून पिळायच्या आणि टोफूबरोबर परतायच्या. मी पनीर घालते, छान लागतं.

हे सगळं रक्तातच असतं असं वाटत असेल, तर एक आकडा सांगते. बेटावर अमेरिकी तळ आले, डबाबंद मांस आलं, बर्गर आले, घरोघरी गाड्या आल्या. 2000 साली जपानच्या 47 प्रांतांत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात 26व्या क्रमांकावर घसरले. माणसं तीच, बेट तेच.

शेवटचं मला सगळ्यात जवळचं. तिथे ‘मोआई’ असते. ठरलेली माणसं दर महिन्याला जमतात, पैसे काढतात, पाळीपाळीने एकेकाला देतात. म्हणजे आपली भिशीच! आयुष्यभर तीच माणसं. आमची भिशी अकरा जणींची आहे. दोन दिवस कुणी फोन उचलला नाही, तर तिसऱ्या दिवशी एकीने दारात जाऊन यायचं, असा आम्ही नियम केलाय. गेल्या पावसाळ्यात एक मैत्रीण न्हाणीघरात घसरून पडली होती, ती या नियमामुळेच वेळेवर सापडली. तुमची भिशी मोडली असेल तर पुन्हा लावा, रक्कम शंभर रुपये असली तरी चालेल.

पुढच्या महिन्यात भिशी माझ्याकडे आहे. सोफा भिंतीला सरकवून सतरंजी घालणार आहे, आणि खायला रताळ्याचा कीस नि ताक.