ग्राइंडर डायल १ वर असूनही फुल स्पीडने पळतो? माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. तिथला वेगाच्या डायलवाला ग्राइंडर १ वर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर ठेवला तरी उसळायचा, मधेच दबायचा, परत पळायचा. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बदलले, नवा स्पीड मॉड्यूल (वेग सांभाळणारं सर्किट) टाकला, जैसे थे. दोन दिवस आणि मॉड्यूलचे पैसे, दोन्ही मातीत.

दोष फेरे मोजण्यात होता. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, मागच्या टोकाला चुंबकाची रिंग असते, समोरचा सेन्सर तिच्यावरून फेरे मोजतो. मोजणी चुकून कमी झाली की मॉड्यूलला वाटतं मोटर मंदावली, मग तो जोर वाढवतो.

आधी प्लग काढा, मग डिस्क. त्यानंतर कार्बन बाहेर आणि मगच आर्मेचर ओढा, नाहीतर कार्बन तुटतात. माझ्या रिंगला लोखंडी भुकटीच्या चक्क मिशा फुटल्या होत्या! हवा मारून त्या निघत नाहीत, चुंबक सोडत नाही. डब्यातून आणलेला कणकेचा घट्ट गोळा दाबून दाबून उचलल्या. रिंग आणि सेन्सरचं तोंड कोरड्या फडक्याने पुसलं. रिंगला तडा नाही ना, शाफ्टवर ती सैल नाही ना, हे बघितलं. सेन्सर खाचेत पक्का बसवून उलट क्रमाने जोडणी केली.

डिस्क न लावता १ वर चालू केला. संथ, एकसुरी आवाज. जुना मॉड्यूल परत लावून पाहिला, तोही ठणठणीत निघाला.