लंडनच्या राजेशाही फ्लायपास्टला जाताना या चुका टाळा

तिसरे चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा असला, तरी ब्रिटनच्या राजाचा अधिकृत वाढदिवस जूनमधल्या एका शनिवारी ‘ट्रूपिंग द कलर’ या लष्करी संचलनाने साजरा होतो. दुपारी एकच्या सुमारास राजघराणे बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात येते आणि हवाई दलाची विमाने ‘द मॉल’ या रस्त्यावरून राजवाड्याच्या दिशेने उडत येऊन मानवंदना देतात; यालाच फ्लायपास्ट म्हणतात. उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना हा सोहळा दाखवण्याची हौस लंडनमधल्या मराठी घरांतही असते. मात्र भल्या पहाटे निघून, पाच-सहा तास ताटकळून, शेवटी फांद्यांच्या फटीतून दिसलेल्या एका शेपटावर समाधान मानून परतणारे लोकही दर वर्षी असतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. उभे राहण्याची जागा, तोंड करण्याची दिशा आणि घड्याळ या तीन गोष्टी आधी नीट ठरवलेल्या नसतात, इतकेच.

चुकीच्या दिवसाचे तिकीट

मुख्य संचलनाआधीच्या दोन शनिवारी त्याच हॉर्स गार्ड्स परेड मैदानावर दोन पूर्ण रंगीत तालमी होतात. घोडे, वाद्यवृंद, लाल डगले, सगळे तेच असते आणि तिकीट मिळणेही तुलनेने सोपे जाते. त्यामुळे ‘काय फरक पडतो’ असे म्हणून अनेक जण तालमीचे तिकीट काढतात. फरक हा पडतो, की त्या दोन्ही दिवशी विमाने येत नाहीत. केवळ विमानांसाठी जायचे असेल तर मैदानावरचे तिकीट मुळातच लागत नाही, कारण द मॉलवर उभे राहण्यासाठी पैसे पडत नाहीत.

राजघराण्याच्या प्रत्येक सोहळ्यात फ्लायपास्ट असतोच, हीदेखील अशीच एक समजूत आहे. २०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या विवाहाच्या दिवशी लँकेस्टर, स्पिटफायर आणि हरिकेन ही महायुद्धकालीन विमाने व त्यांच्यामागून टायफून आणि टॉर्नेडो ही लढाऊ जेट विमाने उडाली. पण २०१८ मध्ये विंडसरला झालेल्या हॅरी यांच्या विवाहात किंवा सप्टेंबर २०२२ मधील राणीच्या अंत्यसंस्कारात फ्लायपास्ट नव्हता. अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय बेत आखू नये.

सज्जाकडे तोंड करून उभे राहणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त लोकांकडून होणारी चूक हीच आहे. राजवाड्याचा सज्जा ईशान्येकडे, म्हणजे द मॉलच्या दिशेने उघडतो आणि विमाने ट्रफाल्गर चौकाच्या बाजूने त्या रस्त्याच्या रेषेत येतात. सगळी आखणी सज्जात उभ्या असलेल्या माणसांना विमाने समोरून येताना दिसावीत अशीच केलेली असते, कारण मानवंदना त्यांना असते, गर्दीला नव्हे. व्हिक्टोरिया स्मारकापाशी जागा पटकावून सज्जाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या मात्र ही विमाने पाठीमागून, डोक्यावरून येतात आणि तो मान वळवेपर्यंत राजवाड्याच्या छपरामागे गेलेली असतात. राजा पाहायचा की विमाने, हे आधी ठरवावे. दोन्ही हवे असतील तर विमानांची वेळ जवळ येताच राजवाड्याकडे पाठ करून उभे राहावे. आसपासचे लोक जरा विचित्र नजरेने पाहतील, पण तेच थोड्या वेळाने आपल्यामागोमाग वळतील.

दुसरी अडचण झाडांची आहे. द मॉलच्या दोन्ही बाजूंना लंडन प्लेन जातीच्या उंच झाडांच्या रांगा आहेत आणि जूनमध्ये ती पानांनी गच्च भरलेली असतात. सावली मिळते म्हणून सकाळी माणसे नेमकी त्यांच्याच खाली जागा धरतात. विमानाची उंची हजार फूट आणि वेग ३०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५० किलोमीटर धरला, तर पानांच्या खिडकीतून डोक्यावरचे आकाश दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश दिसत असलेल्या माणसाला ते विमान जेमतेम दीड सेकंद दिसते. तीच खिडकी पंचेचाळीस अंशांची असेल तर चार सेकंद मिळतात. म्हणून रस्त्याच्या कडेला, फांद्यांच्या बाहेर, निदान ईशान्य दिशेचे आकाश मोकळे दिसेल अशी जागा शोधावी. ती मिळत नसेल तर मध्य लंडनचा हट्ट सोडलेला बरा. विमाने उत्तर समुद्रावर आणि ईस्ट अँग्लियाच्या परिसरात एकत्र येऊन, एसेक्सवरून पूर्व लंडनमार्गे शहरात शिरतात, त्यामुळे स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक पार्कसारख्या मोकळ्या जागेतून ती अधिक वेळ आणि अधिक स्वच्छ दिसतात. तिथे राजवाडा नसतो, पण अडथळा आणि रेटारेटीही नसते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर माझ्या मते हाच पर्याय उत्तम आहे.

उन्हाचाही विचार करावा. जूनमध्ये लंडनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी एक वाजता सूर्य बरोबर दक्षिणेला असतो. मार्गाच्या उत्तरेला उभे राहिल्यास उन्हाकडे तोंड होते आणि विमाने काळ्या सावल्यांसारखी दिसतात. सेंट जेम्स पार्कच्या बाजूला उभे राहिल्यास सूर्य पाठीशी येतो आणि रंग, खुणा, अगदी वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे छतसुद्धा उजळून दिसते.

घड्याळाचे घोळ

अशा दिवसांसाठी वैमानिकांना ‘नोटॅम’ नावाची सूचना दिली जाते आणि हौशी मंडळी त्यातूनच मार्ग व वेळा हुडकून काढतात. त्यातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, तर जूनमध्ये लंडनचे घड्याळ तिच्या एक तास पुढे असते. ही गल्लत झाली तर माणूस तासभर आधी पोहोचतो, एवढेच नुकसान होते. खरा फटका बसतो तो पुण्या-नाशिकला बसून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांना. भारत आणि ब्रिटन यांच्यातले अंतर साडेपाच तासांचे, हे डोक्यात पक्के बसलेले असते. ते हिवाळ्यातले आहे, उन्हाळ्यात ते साडेचार तासांचे होते. लंडनला एक वाजता सुरू होणारा फ्लायपास्ट भारतात संध्याकाळी साडेपाचला असतो. नातेवाइकांना ‘साडेसहाला टीव्ही लावा’ असा निरोप गेला की मुसळ केरात.

जाहीर केलेली वेळ पहिले विमान राजवाड्यावर येण्याची असते, हेही लक्षात ठेवावे. पूर्व लंडनमध्ये उभे असलेल्यांना हेलिकॉप्टरे त्याआधी काही मिनिटे दिसतात. हेलिकॉप्टरे, जुनी पंख्याची विमाने, मालवाहू विमाने आणि लढाऊ विमाने यांचे वेग फार वेगवेगळे असल्याने गट ठरावीक अंतराने सोडले जातात, आणि त्यामुळे मध्ये काही क्षण आकाश रिकामे राहते. ते रिकामे पाहून ‘संपले’ असे समजून निघणाऱ्यांचा रेड अ‍ॅरोज हा हवाई कसरती करणाऱ्या जेट विमानांचा शेवटचा आणि सर्वांत देखणा गट हुकतो. लाल-पांढरा-निळा धूर दिसेपर्यंत जागा सोडू नये.

आवाजामागे धावणे

हजार फुटांवर, थोडे तिरके, म्हणजे आपल्यापासून एक किलोमीटर अंतरावर असलेल्या जेट विमानाचा आवाज पोहोचायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात विमान साडेचारशे मीटर पुढे गेलेले असते. आवाजाच्या दिशेने पाहणाऱ्याला म्हणूनच रिकामे आकाश दिसते. नजर येणाऱ्या रेषेवर, क्षितिजाच्या जरा वर, आधीपासून लावून ठेवावी आणि आवाजाकडे लक्ष देऊ नये.

कॅमेऱ्याची चूक होतच असेल तर ती शटरची असते. जेटसाठी १/१००० सेकंद ठीक आहे, पण तोच वेग लँकेस्टर किंवा हेलिकॉप्टरला लावला की पंखे गोठल्यासारखे दिसतात आणि विमान हवेत टांगल्यासारखे वाटते. तिथे १/२५० किंवा त्याहून कमी ठेवून विमानाबरोबर कॅमेरा फिरवावा. ढगाळ आकाश पांढरे असल्याने कॅमेरा फसतो आणि विमान काळे पडते, तेव्हा एक्सपोजर थोडे वाढवावे. ड्रोन घरीच ठेवावा. त्या काळात तिथले हवाई क्षेत्र बंद असते आणि त्यात ड्रोन उडवणे हा गुन्हा आहे.

मोबाइलवरच्या विमानशोधक अ‍ॅपवर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. लष्करी विमाने त्यात अनेकदा दिसत नाहीत, आणि एकत्र उडणाऱ्या गटात सहसा म्होरक्याचाच ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख कळवणारे यंत्र) चालू असतो. नऊ विमाने येत असताना पडद्यावर एकच ठिपका दिसला तर बाकीची आठ रद्द झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

‘लंडनला तर ऊन पडले आहे’

फ्लायपास्ट रद्द झाल्यावर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच. पण हवा केवळ राजवाड्यावरची पाहून चालत नाही. स्पिटफायर आणि लँकेस्टर उडवणारे ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी तळावर आहे. तिथे आडवा वारा जोरात असला, किंवा एकत्र येण्याच्या जागी ढग खाली उतरले, की लंडनचे निळे आकाश काही कामाचे नसते. ६ मे २०२३ रोजी राज्याभिषेकाच्या दिवशी साठांहून अधिक विमाने यायची होती, प्रत्यक्षात हेलिकॉप्टरे आणि रेड अ‍ॅरोज एवढेच आले. लांबून येणाऱ्यांनी त्या सकाळचे हवामान अंदाज लंडनसाठी आणि पूर्व किनाऱ्यासाठी असे दोन्ही पाहावेत, आणि हवाई दलाचा अंतिम निर्णय अगदी शेवटच्या तासांत बदलू शकतो हे बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

त्या राज्याभिषेकाची म्हणून फिरणारी टायफून विमानांनी रचनेतून साकारलेली ‘सीआर’ (चार्ल्स रेक्स, म्हणजे राजा चार्ल्स) ही अक्षरे दाखवणारी छायाचित्रे त्या दिवशीची नाहीत. ती १७ जून २०२३ च्या ट्रूपिंग द कलरमधली आहेत, जेव्हा मेमध्ये हुकलेला मोठा फ्लायपास्ट भरून काढण्यात आला. तर ‘७०’ हा आकडा काढलेली टायफून २ जून २०२२ ला राणीच्या कारकिर्दीच्या सत्तराव्या वर्षानिमित्त उडाली होती. जुनी माहितीपत्रके वाचून जाणाऱ्यांची अशीच फसगत विमाने ओळखताना होते. हर्क्युलिस मालवाहू विमान ब्रिटिश हवाई दलाने २०२३ मध्ये आणि प्यूमा हेलिकॉप्टर २०२५ मध्ये निवृत्त केले, तेव्हा चार पंख्यांचे जे मोठे विमान आता दिसते ते बहुधा ए-४०० एम असते. रेड अ‍ॅरोजची छोटी लाल विमाने मात्र आपल्याकडच्या प्रेक्षकांना ओळखीची वाटतील: ती हॉक जातीची आहेत, आणि भारतीय हवाई दलाच्या बीदरमधल्या सूर्यकिरण या कसरतींच्या पथकाकडेही त्याच घराण्यातली, नंतरच्या बनावटीची नऊ हॉक आहेत.