तलावावर पोहायला जाताना: मुलांना घेऊन निघण्याआधीची तयारी

पिशवी भरायला घेण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी: मुलं पाण्यात असताना नजर कोण ठेवणार. "आपण सगळेच असणार की तिथे" हे उत्तर चालायचं नाही. सगळे असतात तेव्हा दुसरा कुणीतरी बघतोय असं प्रत्येकाला वाटतं, आणि बघत कुणीच नसतं. आळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं वाटून घ्या. ज्याच्याकडे जबाबदारी त्याच्या हातात फोन नको, डबे उघडण्याचं काम नको, गप्पाही नकोत. बदली करताना "आता तू बघ" असं तोंडाने सांगायचं आणि समोरच्याने "हो" म्हटल्यावरच उठायचं. लहान किंवा पोहता न येणारं मूल असेल तर काठावरून बघणंही पुरत नाही. मोठ्या माणसाने पाण्यात, हात लांब केला की मूल हाताशी यावं इतक्या जवळ राहायचं.

हे एवढं आग्रहाने सांगतो, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला सवडच मिळत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, त्यामुळे हात हलवून बोलावणंही जमत नाही. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं आणि मूल गप्प, असं दिसलं की विचार करत बसू नका. अशी धडपड बहुधा मिनिटभरही टिकत नाही.

आता सामान. सगळ्यात आधी लाइफ जॅकेट, आणि ते घरीच घालून बघायचं. आतल्या लेबलवर किती वजनाच्या मुलासाठी आहे ते लिहिलेलं असतं. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. सगळे पट्टे लावून झाले की जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते सरकून हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत आलं, तर पाण्यातही तसंच वर येणार आणि मूल खाली निसटणार. अगदी लहानांसाठी दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे आधार देणारी कॉलर असलेलंच घ्या. दंडावरचे फुगे, हवेच्या रिंगा, फुगवलेले गाद्यांसारखे तराफे ही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये. वारा काठाकडून आत वाहत असेल तर ती बघता बघता दूर जातात. गेली तर जाऊ द्या, त्यांच्या मागे पोहत जायचं नाही, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा.

पोहण्याचे कपडे भडक रंगाचे निवडा: झगझगीत केशरी, पोपटी, गुलाबी. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्याखाली दिसेनासा होतो. तलावाचं पाणी गढूळ असेल तर भडक रंगही थोड्याच खोलीवर हरवतो, त्यामुळे रंगाची मदत तेवढ्यापुरतीच. पायात पट्टा असलेले, पाण्यात चालणारे बूट हवेत. तळाशी शिंपले, दगड, कधी काचा असतात, आणि साधी चप्पल गाळात रुतून निघून येते.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. बाहेर ऊन रणरणत असलं तरी तलावाचा फक्त वरचा थर तापलेला असतो, खालचं पाणी गारच राहतं. शिवाय पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. लहान मुलं लवकर गारठतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की बाहेर काढा, कोरडं करा, उबदार कपडे घाला. म्हणून माणशी दोन टॉवेल आणि एक लांब बाह्यांचा कपडा न्यायचाच. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, उन्हात जाण्याच्या पंधरा मिनिटं आधी, नंतर दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तलावाच्या पाण्याबद्दल काही सूचना आहे का ते पाहा. जीवरक्षक कोणत्या वेळेत असतात हेही तेव्हाच विचारून घ्या. फाटक उघडं आहे म्हणजे जीवरक्षक हजर आहेत असं नसतं. जोरदार पाऊस होऊन गेला असेल तर एक-दोन दिवस थांबलेलं बरं, कारण आजूबाजूची सगळी घाण वाहून तलावातच येते. पोहोचल्यावर पाणी नीट बघा. हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते विषारी नील-हरित शैवाल असू शकतं. मग पोहणं रद्द, कितीही रडारड झाली तरी. कुत्रा सोबत असेल तर त्यालाही पाण्यापासून लांब ठेवा. पोहण्याच्या जागेजवळ बदकांना खायला घालू नका; पाणपक्षी आणि गोगलगायी यांच्यामधून फिरणारे सूक्ष्म परजीवी माणसाच्या कातडीत शिरून खाज आणतात. बाहेर आल्या आल्या अंग खसखसून पुसलं तर तो त्रास बराच टळतो.

सुट्टीच्या गावात गर्दी असणारच, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा आणि सावलीची जागा जीवरक्षकाच्या टप्प्यात धरा. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकाची नजर असलेला भाग. नुसता लाल असेल तर पाण्यात उतरायचं नाही. काठ लांबच लांब असतो, म्हणून आपण नेमके कोणत्या प्रवेशद्वारापाशी आहोत ते आणि तिथला आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. डोकं खाली करून सूर मारायला सगळ्यांनाच मनाई, मोठ्यांनाही. आधी पायांनी चालत खोली बघायची. तलावाचा तळ दोन पावलांत खचकन खाली जातो. ढग गडगडले की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

परतताना ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी, प्यायचं पाणी आणि खाऊ गाडीत हाताशी. एखादं मूल पाण्यात गटांगळी खाऊन आलं असेल तर त्या संध्याकाळी त्याच्याकडे लक्ष असू द्या. खोकला थांबत नसेल, श्वास लागत असेल किंवा मूल विचित्र सुस्त वाटत असेल, तर झोपू देऊन सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.